घरातली गोष्ट वेशीवर का न्यायची

"घरातली लक्तरं येशीवर काहून टांगता?"

हा प्रश्न मी आमच्या जऊळक्यात पारावर ऐकला, मालेगावच्या बसस्टँडवर ऐकला आणि सप्ताहाच्या मंडपात पंगत उठल्यावर हात धुता धुताही ऐकला. विचारणारी माणसं वाईट नाहीत. काकड्याला पहाटे उठणारी, शेगावची पालखी तालुक्यातून जाते तेव्हा वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळणारी, स्वतःच्या घरात दाणे कमी असले तरी पंगतीला पोतं देणारी ही माणसं आहेत. आळंदीच्या खासगी वारकरी शिक्षण संस्थांमध्ये लहान मुलांवर अत्याचार झाल्याच्या बातम्या निघाल्या, की त्यांच्या तोंडून हाच प्रश्न येतो. मी स्वतः माळकरी घरातला आहे. म्हणूनच या प्रश्नाला उत्तर देणं मला भाग आहे, आणि ते गुळमुळीत देऊन चालणार नाही.

आळंदी आमच्यापासून लांब असली तरी परकी नाही. वाशीम, हिंगोली, परभणी, बुलढाणा या पट्ट्यातल्या कोरडवाहू गावांमधून मुलं तिकडे जातात. पोराचा गळा बरा असला, हात पखवाजावर पडत असला, की कीर्तनकार महाराज बापाला म्हणतात, आळंदीला घाला, आयुष्याचं सोनं होईल. बापाच्या मनात भक्ती असते आणि हिशेबही असतो. त्या हिशेबात लाजण्यासारखं काही नाही. सोयाबीनचा भाव पडलेला, घरी खाणारी तोंडं पाच, आणि तिकडे फुकटात किंवा थोडक्या पैशात जेवण, शाळा आणि हरिपाठ. पत्र्याची पेटी, दोन पांढरे सदरे, गळ्यात माळ, आणि दहा-अकरा वर्षांचं पोरगं रात्रीच्या गाडीत बसतं. त्याला सोडायला आलेल्या आईच्या डोळ्यांत पाणी असतं, पण चेहऱ्यावर अभिमानही असतो. आपलं लेकरू माउलींच्या पायाशी चाललं.

आळंदीत एक परंपरा खरोखर उभी आहे. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यासक्रम, फी नाही, माधुकरी मागून जेवायचं आणि ज्ञानेश्वरी, गाथा शिकायची. महाराष्ट्रातले किती कीर्तनकार तिथून घडले याची मोजदाद नाही. पण गेल्या काही दशकांत त्या नावाच्या पुण्याईवर आळंदीत गल्लोगल्ली खासगी संस्था निघाल्या. दोन-तीन खोल्या भाड्याने घ्यायच्या, पाटी लावायची, एक महाराज आणि तीस-चाळीस मुलं. यांतल्या कित्येक ठिकाणी महाराज मनापासून शिकवतात. पण दार लागल्यावर आत काय चालतं ते बघायला कुणी नसतं. काही ठिकाणी मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे गुन्हे पोलिसांत नोंदले गेले. २०२५ च्या सुरुवातीला राज्य महिला आयोगाने लक्ष घातलं, प्रशासनाची पथकं फिरली, आणि मुलं ठेवण्यासाठी लागणारी नोंदणीच नसलेल्या संस्था समोर आल्या. चौकशी करा अशी मागणी आळंदीच्या गावकऱ्यांनीही केली, हे आमच्या पारावर कुणी सांगत नाही. ज्यांच्या गावात समाधी आहे, त्यांनाच लाज वाटली आणि ते बोलले.

आता "हे सगळं संप्रदायाले बदनाम करासाठी चालू आहे" या पहिल्या आक्षेपाकडे येतो.

बदनामी करायला बाहेरचा माणूस लागतो. इथे तक्रार कुणी केली ते बघा. आळंदीतल्या मुलांचे आईबाप संप्रदायाचेच होते, नसते तर त्यांनी पोटचं पोर तिथे ठेवलंच नसतं. आसाराम बापू या गुरूवरच्या बलात्काराच्या खटल्यातही हेच दिसलं. तक्रार करणारी सोळा वर्षांची मुलगी छिंदवाड्याच्या त्याच्या गुरुकुलात शिकत होती. छिंदवाडा म्हणजे आपल्या नागपूरच्या पलीकडेच. तिचा बाप उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरचा, वर्षानुवर्षांचा भक्त. मुलीला भूतबाधा झाली आहे, बापूंकडे न्या, असं गुरुकुलातूनच सांगण्यात आलं, आणि बाप तिला जोधपूरजवळच्या आश्रमात स्वतः घेऊन गेला. ऑगस्ट २०१३ मधली ही गोष्ट. त्या बापाला धर्माचा द्वेष होता असं म्हणायची हिंमत कुणी करावी? त्याने तक्रार केली ती त्याची श्रद्धा खरी होती म्हणून. २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या विशेष न्यायालयाने आसारामला मरेपर्यंत जन्मठेप सुनावली, आणि गुरुकुलाचा संचालक व वसतिगृहाची वॉर्डन यांनाही वीस-वीस वर्षं. वॉर्डनला झालेली शिक्षा मला जास्त बोलकी वाटते. एकटा माणूस आश्रमात असं करू शकत नाही. त्याच्यापर्यंत लेकरू पोचवणारे हात लागतात, आणि नंतर गप्प राहणारी तोंडं लागतात.

आणि बदनामी म्हणाल, तर संप्रदायाची बदनामी कोणत्या दिवशी झाली? गुन्हा नोंदला त्या दिवशी की त्या खोलीत दिवा मालवला त्या रात्री? आमच्या बोलण्यात बदनामी नेहमी पोलीस ठाण्याच्या पायरीवर सुरू होते. पोराच्या अंगावर हात पडला तेव्हा नाही. हे उलटं आहे, आणि आपण ते मुकाट्याने उलटं ठेवलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो. "मदरशात जा म्हणा, चर्चात जा म्हणा. आमच्याच मांगं काहून लागता?"

जावंच. मदरशात जावं, चर्चमध्ये जावं, जैन पाठशाळेत, वेदपाठशाळेत, बौद्ध विहाराच्या वसतिगृहात, जिथे जिथे लहान मूल आईबापाविना रात्री झोपतं तिथे जावं. यात माझं कुणाशी भांडण नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला खरंच मदरशातल्या मुलाची काळजी आहे का, हे त्याने स्वतःला विचारावं. काळजी असती तर तो म्हणाला असता, आमच्याकडे केली तशी तिकडेही चौकशी करा. तो म्हणतो, तिकडे केली नाही म्हणून आमच्याकडेही करू नका. म्हणजे दोन्हीकडची लेकरं वाऱ्यावर.

शिवाय तिकडे कुणी गेलंच नाही, हेही खरं नाही. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरातल्या चर्चमधली गोष्ट आहे. २०१५ साली तेरा वर्षांच्या एका मुलावर तिथल्या धर्मगुरूने अत्याचार केला. कुटुंब श्रद्धाळू कॅथलिक. आपल्याकडे लोक मोठ्या महाराजांकडे जातात तसे ते आधी चर्चमधल्या वरिष्ठांकडे गेले. शेवटी पोलिसांत त्यांना स्वतःच जावं लागलं. पुढे २०१९ मध्ये मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी बीबीसीशी बोलताना मान्य केलं, की आपल्याकडे आलेल्या अशा तक्रारी आणखी चांगल्या प्रकारे हाताळता आल्या असत्या. त्याच फेब्रुवारीत पोपनी बालसंरक्षणावर व्हॅटिकनमध्ये जी परिषद बोलावली, तिच्या आयोजकांमध्ये हेच कार्डिनल होते. इतक्या मोठ्या पदावरचा, या विषयाची जाण असलेला माणूस, आणि तरीही घरचं प्रकरण आलं तेव्हा हात आखडला. डिसेंबर २०२१ मध्ये मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या मुंबईच्या विशेष पोक्सो न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली. सहा वर्षं लागली. ती सहा वर्षं त्या आईने कशी काढली असतील, याचा विचार आला की मला गोवंडी परकी वाटत नाही.

ऑस्ट्रेलियात सरकारने २०१३ साली एक शाही आयोग (रॉयल कमिशन) नेमला. संस्थांमध्ये मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची पाच वर्षं चौकशी झाली, डिसेंबर २०१७ मध्ये अहवाल आला. कॅथलिक चर्च त्यात होतं, यहोवाज विटनेसेस हा ख्रिस्ती पंथ होता, मेलबर्नच्या ज्यू शाळा होत्या, आणि मुंगेरच्या सत्यानंद योग परंपरेतला, न्यू साउथ वेल्समधल्या मँग्रोव्ह माउंटनचा आश्रमही होता. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत त्या आश्रमात राहिलेल्या मुलांनी पन्नाशीत येऊन आयोगासमोर तोंड उघडलं. भगवी वस्त्रं, कीर्तन, गुरूंची आज्ञा, सगळं आपल्या ओळखीचं. त्या आयोगाने हजारो माणसांचं खासगीत ऐकून घेतलं तेव्हा दिसलं, की झालेली गोष्ट पहिल्यांदा बोलायला माणसाला सरासरी तेवीस-चोवीस वर्षं लागतात. दहा वर्षांचं पोर बोलेपर्यंत चौतीस वर्षांचं होतं.

इस्कॉनचं उदाहरण तर आपल्या जास्तच जवळचं. तेही वैष्णव, तेही नाम घेणारे. त्यांच्या गुरुकुलांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुलांवर अत्याचार झाले. १९९८ साली समाजशास्त्रज्ञ बर्क रॉचफर्ड यांचा त्यावरचा लेख छापला तो इस्कॉनच्याच नियतकालिकाने, आणि त्याच वर्षी त्यांनी बालसंरक्षणासाठी स्वतंत्र कार्यालय काढलं. उशीर झाला होता, पुढे न्यायालयातही जावं लागलं, सगळं काही नीट झालं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या हाताने आपलं पाप छापून त्यांचं कृष्णनाम बुडालं नाही. मग आपलं विठ्ठलनाम एका तपासाने कसं बुडेल?

तिसरा आक्षेप सगळ्यांत सभ्य आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत घातक आहे. "पोलीस कायले? मोठ्या महाराजाईले सांगू, ते पाह्यतीन." बैठक बसवू, त्या माणसाची माळ काढून घेऊ, त्याला फड बंद करू, पोराला घरी पाठवू. गोष्ट मिटली.

अशी गोष्ट मिटत नाही, नुसती सरकते. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये २००२ साली बोस्टन ग्लोब या वर्तमानपत्राने जे उघड केलं ते हेच होतं. चर्चने तक्रारी ऐकल्या होत्या, 'पाहिलं' होतं, आणि त्या धर्मगुरूंना एका गावातून दुसऱ्या गावात पाठवलं होतं. दुसऱ्या गावातल्या आईबापांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या आयोगाला यहोवाज विटनेसेसच्या कागदपत्रांत १९५० पासून एक हजाराहून जास्त आरोपींची नावं सापडली. पंथाच्या वडीलधाऱ्यांनी नोंदी व्यवस्थित ठेवल्या होत्या. त्यांतलं एकही नाव त्यांनी पोलिसांना दिलं नव्हतं. शिवाय दोन साक्षीदार असल्याशिवाय आरोप मानायचा नाही, असा त्यांचा धर्मशास्त्रीय नियम. अंधाऱ्या खोलीत जे घडतं त्याला दुसरा साक्षीदार कुठून आणायचा? प्रत्येक पंथाच्या बैठकीत अशी एखादी अट असतेच, लिहिलेली किंवा न लिहिलेली. आपल्याकडे ती न लिहिलेली आहे: महाराज खोटं बोलणार नाहीत.

बैठकीत बसणारे सगळे लबाड असतात असं मला म्हणायचं नाही. ते आपलेच असतात, आणि अडचण तिथेच आहे. त्यांनी त्या महाराजाच्या पायावर डोकं ठेवलेलं असतं, त्याच्या हातून मुलाबाळांना माळ घातलेली असते, त्याच्या सप्ताहाची वर्गणी गोळा केलेली असते. ते पोराला सगळ्यांदेखत विचारतात, समोर महाराज बसलेले असतात. पोर खाली बघतं. झालं, आरोप खोटा ठरला. दोन दिवसांनी पोलीस आले तरी तोवर अंथरूण धुतलेलं असतं, पोराची वैद्यकीय तपासणी करायची वेळ निघून गेलेली असते, आणि खोलीतल्या बाकीच्या मुलांना काय बोलायचं ते पढवलेलं असतं. ज्या बैठकीला आपण न्याय म्हणतो, तिने प्रत्यक्षात पुरावा नष्ट केलेला असतो.

म्हणूनच कायद्याने ही सोय आपल्या हातात ठेवलेली नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं, की असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा तो घडेल अशी शंका आली तरी ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. बैठकीला बसलेल्या पाचही जणांना हे लागू होतं. आपल्या विदर्भातलंच उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. त्या मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने कळूनही पोलिसांना सांगितलं नाही, असा आरोप झाला. उच्च न्यायालयाने डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला. महाराष्ट्र सरकार वर गेलं, आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा पुन्हा उभा केला. वेळेवर कळवणं हाच या कायद्याचा पाया आहे, ते टाळलं तर कायद्याचा हेतूच हरतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

आणखी एक गोष्ट आमच्या मंडपातल्या फार थोड्यांना माहीत आहे. पोक्सोच्या कलम ५ मध्ये अत्याचार 'गंभीर' केव्हा मानायचा त्याची यादी आहे. पोलीस, सैन्य, रुग्णालय यांच्या बरोबरीने तिथे शैक्षणिक आणि धार्मिक संस्थेतल्या माणसांचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा माणसाने त्या संस्थेतल्या मुलावर बलात्कार केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षं कैद आहे. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं, की बाप ज्याच्या हाती लेकरू डोळे मिटून देतो, त्याचा गुन्हा दुप्पट मोठा असतो. धर्मस्वातंत्र्याचं नाव घेणाऱ्यांनी संविधानाचं कलम २५ एकदा वाचावं. ते सुरूच होतं सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेपासून.

तक्रार केली तर गाव वाळीत टाकेल, ही भीती खरी आहे. पंगतीत ताट वाढणार नाहीत, पोरीचं लग्न जमणार नाही, सप्ताहात घरावरून दिंडी जाणार नाही. यावरही महाराष्ट्राने कायदा केला आहे, देशात पहिल्यांदा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा हा कायदा २०१७ पासून लागू आहे आणि बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने शेजाऱ्याचं मन बदलत नाही हे मला कळतं. पण भीतीचं ओझं एकट्या त्या आईने वाहायचं नाही, एवढं तरी त्याने होतं.

"पोट्टे काय, काहीबी सांगतात." हा चौथा. याला मी उडवून लावणार नाही, कारण याच्या मागे एक खरी शंका आहे. संस्थानच्या विश्वस्तांची भांडणं असतात, जागेचे वाद असतात, गादी कुणाची यावरून दोन तट असतात. मोठ्यांच्या भांडणात एखादं मूल पुढे केलं जाऊ शकतं. कायद्यानेही हे ओळखलं आहे. सूड म्हणून खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ मध्ये शिक्षा आहे. मुलाला मात्र नाही. पण खोटं पकडायचं कसं? त्यासाठी तपासच लागतो. मुलाला कुणी पढवलं, त्याचं सांगणं पहिल्यांदा कुणी ऐकलं, त्या रात्री खोलीत कोण होतं, फोन कुणाला झाले, वैद्यकीय अहवाल काय म्हणतो, हे सगळं काढायला तपास अधिकारी लागतो. निर्दोष महाराजाला वाचवू शकेल असं या जगात जे काही आहे ते म्हणजे नीट केलेला तपास. बैठकीत निर्दोष ठरलेल्या माणसाकडे लोक आयुष्यभर तिरक्या नजरेनेच बघतात.

आणि मुलगे बोलत नाहीत, हे नीट ध्यानात घ्या. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांत बारा हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास केला. कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं त्यातल्या ५३ टक्के मुलांनी सांगितलं, आणि त्यात मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हतं, थोडं जास्तच होतं. अत्याचार करणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले होते. आपल्याकडे मुलीला निदान सांभाळून राहायला सांगतात, भले ते चुकीच्या पद्धतीने असेल. मुलग्याला कुणी काहीच सांगत नाही. त्याच्याजवळ झालेल्या गोष्टीला शब्दच नसतो. 'महाराज पाय चेपून घेतात' एवढंच तो म्हणतो, आणि आपण म्हणतो, मग, गुरूचे पाय चेपायचे नाहीत का?

बाहेरची यंत्रणा चुकते, हेही मला मान्य आहे. आमच्याच नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये असा निकाल दिला होता, की कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोखाली लैंगिक हल्ला ठरत नाही. साऱ्या देशाला धक्का बसला. पण त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. न्यायालय चुकलं तर त्याच्या वर न्यायालय आहे. मोठे महाराज चुकले तर त्या पोराने कुणाकडे जायचं? आसाराम आणि त्याच्या मुलावरच्या खटल्यांतले तीन साक्षीदार मारले गेले, तरी निकाल लागला. भक्तांच्या बैठकीत ते साक्षीदार पहिल्याच दिवशी गप्प झाले असते.

सरकारवरही माझा राग आहे, तो इथे लिहितो. बातमी येते, पथकं येतात, नोटिसा लागतात, संस्था बंद करा म्हणतात. बंद करणं म्हणजे तपास करणं नव्हे. खोलीला कुलूप लागलं की चाळीस मुलं दहा जिल्ह्यांत पांगतात. तीच साक्षीदार होती, तीच कदाचित पीडित होती. कुणी त्यांच्याजवळ बसून विचारलं का? त्यांची शाळा कुठे जोडली? महाराज दुसऱ्या गावात नवी पाटी लावणार नाही, यासाठी काय केलं? बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे बालगृहांना नोंदणी सक्तीची आहे, आणि ती न करणाऱ्याला कलम ४२ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड आहे. पण 'आमची मुलं अनाथ नाहीत, त्यांना आईबाप आहेत, आम्ही बालगृह नाही' असं म्हणून संस्था या कलमातून निसटू बघतात. ही पळवाट सरकारने स्पष्ट नियम करून बुजवायला हवी. मुलं रात्री कुठे झोपतात, त्यांच्या खोलीत कोणतं मोठं माणूस झोपतं, स्नानाला आडोसा आहे का, आठवड्यातून एकदा एकट्याने, महाराज शेजारी नसताना, घरी फोन करता येतो का, एवढ्या चार गोष्टी तपासायला मोठं पथक लागत नाही. एक जाणती बाई आणि एक दिवस पुरतो. फक्त तो दिवस दर दोन महिन्यांनी यायला हवा, बातमी आल्यावर नाही.

ज्या संस्था नीट चालतात त्यांनी तर हे स्वतःहून मागावं. त्यांच्या नावाचा आडोसा घेऊनच नासके लोक पाटी लावतात.

परंपरेचं म्हणाल, तर आमच्या वऱ्हाडातलेच गाडगेबाबा. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसाला एकामागून एक प्रश्न. देव कुठे आहे, बोकड कशाला कापता, कर्ज काढून सण कशाला करता. लोक उत्तरं देत, हसत, मग गप्प होत. तुकोबांनी ढोंगी साधूंना ज्या शब्दांत झोडपलं ते आज कुणी मंडपात बोललं तर त्याच्यावरच बदनामीचा आरोप येईल. प्रश्न विचारल्याने हा पंथ कधी बुडाला नाही. हा प्रश्न विचारूच नका, असं सांगणारेच त्या परंपरेत नवे आहेत.

आता शेवटी जऊळक्याबद्दल. आमच्या गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. गुन्हा आळंदीत घडला, म्हणून तिकडेच जा, असं तिथे कुणी म्हणालं तर ते कायद्याला धरून नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. याला शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात. आसारामवरची फिर्यादही घटना जोधपूरजवळची असून दिल्लीच्या ठाण्यात अशीच नोंदली गेली होती. मुलाला ठाण्यात न्यायचीही गरज नाही. त्याचा जबाब घरी, आईबापाच्या समोर, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आरोपीला त्याच्या समोर आणायचं नसतं. त्याचं नाव, गाव, शाळा, फोटो कुठेही छापायचं नसतं. त्याला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. आणि कुणाला काहीच सुचलं नाही तर १०९८ हा नंबर आहे.

दिवाळीला पोरगं घरी येतं. पहिले दोन दिवस बरे जातात. मग परत जायचा दिवस जवळ आला, की त्याचं पोट दुखतं. आई पेटीत धुतलेले सदरे ठेवते आणि ते बाहेर काढतं. बाप म्हणतो, नाटकं करू नको, लोक काय म्हणतील, महाराजांना काय सांगू. त्या दिवशी बापाने पेटी बाजूला सारावी, पोराला जवळ घ्यावं, आणि त्याला न रागावता एवढंच विचारावं, तिथं रात्री तुझ्या बाजूला कोण झोपतं?

मग जे उत्तर येईल ते पूर्ण ऐकावं, आणि चप्पल घालून ठाण्याकडे निघावं.